पहिलीच्या वर्गातली परकी मराठी

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात महाराष्ट्रात भाषेवर जेवढं बोललं गेलं, तेवढं गेल्या कित्येक वर्षांत बोललं गेलं नसेल. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला आणि मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य झाली. ओरड झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात सक्ती सौम्य केली होती, पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलं हवीत, अशी अट होती. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले, आणि ५ जुलैला वरळीत दोन्ही ठाकरे बंधू कित्येक वर्षांनी एका व्यासपीठावर आले.

मी या सक्तीच्या विरोधात होतो आणि आजही आहे. पण त्या अडीच महिन्यांत जे मुद्दे मांडले गेले, त्यांतला सर्वांत भक्कम मुद्दा अस्मितेचा नव्हता. तो मांडला शिक्षकांनी आणि शिक्षणात काम करणाऱ्यांनी. सहा वर्षांचं मूल शाळेत येतं ते घरची भाषा घेऊन. तिच्यातच ते मोजतं, भांडतं, प्रश्न विचारतं. आधी त्या भाषेत त्याला लिहिता-वाचता येऊ द्या, मग तिच्या आधारानं बाकीच्या भाषा शिकवा. परकी भाषा लादलीत तर मूल भाषाही शिकत नाही आणि त्या भाषेतून शिकवलेला विषयही शिकत नाही. हा मुद्दा मला अक्षरशः पटतो. आणि तो पटत असेल तर तो नेईल तिथवर जायला हवं. तो नेतो गडचिरोलीतल्या धानोरा आणि भामरागडला, मेळघाटातल्या धारणीला, नंदुरबारच्या धडगावला. तिथे पहिलीच्या मुलावर लादली जाणारी परकी भाषा हिंदी नाही. ती मराठी आहे.

हे वाचून काही जण चिडतील, याची मला कल्पना आहे. आत्ता कुठे ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आत्ता कुठे लोक मराठीसाठी रस्त्यावर उतरले आणि तुम्ही घरातलंच भांडण काढता, असं म्हणतील. पण आपण दिल्लीला जे न्यायाचं तत्त्व सांगतो, ते आपल्या हातात सत्ता आहे तिथे पाळत नसू, तर दिल्लीनं आपलं का ऐकावं?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गोंडी, कोरकू, भिली या सगळ्या ‘मराठीच्या बोली’ आहेत, असं आपल्याकडची शिकली-सवरलेली माणसंही सर्रास म्हणतात. वारली, काथोडी, कोकणा यांच्याबद्दल असं म्हणायला काही आधार आहे. त्या मराठीला जवळच्या आहेत आणि त्यांची मुलं थोड्या काळात वर्गातली मराठी पकडतात. भिली आर्य कुळातलीच, पण तिची जवळीक मराठीपेक्षा गुजरातीशी. गोंडी, माडिया आणि यवतमाळकडची कोलामी मात्र द्राविड कुळातल्या, म्हणजे त्यांचं रक्ताचं नातं तेलुगूशी. कोरकू तर मुंडा भाषा आहे. तिची भावंडं झारखंड-ओडिशात संथाली आणि मुंडारी बोलतात. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास काही हजार लोक निहाली बोलतात, आणि तिचं नातं जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी आजवर निश्चितपणे जुळवता आलेलं नाही. इतकी विविधता एका राज्याच्या सीमेत असणं हे केवढं वैभव आहे! ते आपल्या एकाही पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर नसावं?

आणि हे मूठभरांचे प्रश्न नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाख ८० हजारांच्या पुढे होते, तर भिली आणि तिच्या गटातल्या भाषा मिळून १ कोटी ४ लाखांच्या पुढे. त्याच जनगणनेत सिंधी बोलणारे होते २७ लाख ७० हजारांच्या आसपास, कोकणी साडेबावीस लाख, मणिपुरी साडेसतरा लाखांच्या वर, बोडो पंधरा लाखांच्या आत आणि संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारांहूनही कमी. या पाचही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीत, आहेत. भिली आणि गोंडी नाहीत. संख्या हा निकष असता तर असं झालं नसतं. ज्यांच्याकडे राज्य होतं, छापखाने होते, दिल्लीपर्यंत पोचणारा आवाज होता, त्यांच्या बोलण्याला भाषा म्हटलं गेलं. बाकीच्यांच्या वाट्याला बोली आली.

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. गोव्यात कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर दोन पिढ्या भांडल्या. १९७५ साली साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ च्या कायद्यानं ती गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी वापरासाठी जागा ठेवली गेली, १९९२ ला कोकणी अनुसूचीत आली. त्यानं मराठीचं काय बिघडलं? गोव्यात आजही मराठी वर्तमानपत्रं खपतात, मराठी नाटकं होतात, देवळांत मराठी अभंग आणि आरत्या म्हटल्या जातात. शेजारची भाषा ताठ उभी राहिली म्हणून आपली वाकत नाही, याचा पुरावा आपल्या दारातच आहे.

आता वर्गात शिरू. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली एक आश्रमशाळा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. अननसाचा अ, आगगाडीचा आ. वर्गातल्या मुलांनी दोन्ही पाहिलेलं नाही. मोह, तेंदू, चारोळी, डोंगरावरचा कंद यांची नावं त्यांना पाठ आहेत, पण ती तक्त्यावर नाहीत. गुरुजी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, मनानं चांगले, बदलीची वाट पाहणारे. ते विचारतात, “हे काय आहे?” मुलगी चित्राकडे बघते, तिला उत्तर येतं, पण ते गोंडीत येतं. गुरुजींना गोंडी येत नाही. मग ती गप्प बसते. शेरा पडतो: ‘प्रतिसाद देत नाही.’

थोडी मोठी झाल्यावर ती बोलू लागते आणि ‘आई आलं’ म्हणते. वर्गात हसू पिकतं. आता जरा थांबून हे बघा. गोंडीच्या व्याकरणात पुरुष आणि देव यांचा एक वर्ग आणि उरलेल्या सगळ्यांचा, म्हणजे बायका, जनावरं, झाडं, वस्तू यांचा दुसरा वर्ग. मराठीत लिंगं तीन, त्यातही खुर्ची स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी आणि दगड पुल्लिंगी, ज्याला कसलंच तर्कशास्त्र नाही. जिच्या डोक्यात दोन खणांची शिस्तशीर मांडणी पक्की बसली आहे, त्या मुलीला तीन खणांत जग पुन्हा वाटायला सांगितलं तर ती चाचरणारच. हीच अडचण मराठी माणसाला फ्रेंच किंवा जर्मन शिकताना येते, आणि तिथे त्याला कुणी मंद म्हणत नाही. त्या मुलीचं चुकणं हे तिला एक पूर्ण व्याकरण आधीच येत असल्याची खूण आहे. गुरुजींना एवढं जरी माहीत असतं, तरी शेरा वेगळा पडला असता. पण ते त्यांना डी.एड.ला कुणी शिकवलेलं नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

हसू केवळ गोंडी मुलांनाच सोसावं लागतं असंही नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या बहुजन घरांतल्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या ते सोसलं आहे. आज ज्याला आपण प्रमाण मराठी म्हणतो, ती काही आकाशातून पडलेली नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली ब्राह्मण पंडितांच्या मदतीनं झाला, मेजर कँडींच्या देखरेखीखाली शाळेच्या पुस्तकांची मराठी घडली, लेखनाचे नियम १९६२ आणि १९७२ साली शासनानं मान्य केले. एका प्रदेशातल्या एका थराचं बोलणं सगळ्यांसाठी माप ठरलं. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं, ते याच दुखण्यावर बोट ठेवून: ज्यांच्या पुस्तकांत आमचं जगणं नाही, त्यांच्या सभेत आम्ही का बसावं? सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला. पुढे दलित आणि ग्रामीण लेखकांनी ती भिंत मराठीच्या आतून बरीच पाडली, आणि त्यानं मराठी श्रीमंत झाली. गोंडी, कोरकूच्या मुलांसमोरची भिंत मात्र तशीच आहे, कारण ही मुलं मराठीच्या आत नाहीतच.

कायदा काय म्हणतो? संविधानात १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं ३५० क हे कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. बेळगावातले मराठी लोक आपल्या शाळांसाठी ज्या कलमाचा आधार घेतात ते हेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम सांगतं की शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. म्हणजे कागदावर कमतरता नाही.

कागदाबाहेर काय होतं ते धानोरा तालुक्यातल्या मोहगावला दिसलं. तिथल्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गावानं जागा दिली, मुलांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या जगातल्या वस्तूंमधून शिकवायला सुरुवात केली. शिक्षण खात्यानं मात्र शाळेला मान्यता नाही म्हणून नोटीस काढली, आणि ग्रामसभेला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. नोटिशीला कायद्याचा आधार होता, हे मान्य. शिक्षण हक्क कायद्याचं १८ वं कलम मान्यतेशिवाय शाळा चालवायला मनाई करतं, दंड एक लाखापर्यंत आणि तरीही चालवली तर दिवसाला दहा हजार. पण त्याच कायद्याचं २९ वं कलम पाळलं नाही म्हणून आजवर किती अधिकाऱ्यांना नोटीस गेली? एकाच कायद्याची दोन कलमं. गावाला लागू होणारं कलम खात्याला चटकन सापडतं, खात्याला लागू होणारं सापडत नाही.

याच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. तिथल्या लोकांनी कायद्याची कलमं अभ्यासगटांत बसून समजून घेतली, निर्णय एकमतानं घेतले. गोंड गावाला गुंतागुंतीचा विचार झेपत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मेंढ्यानं बांबूवरच्या हक्कासाठी केलेलं आंदोलन वाचावं.

आता आक्षेपांकडे येतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप हा: या मुलांना गोंडीत अडकवून ठेवायचं आहे का? तहसीलदार मराठीत बोलतो, सातबारा मराठीत, पोलीस ठाणं मराठीत. मराठी आलीच पाहिजे. अगदी बरोबर, आलीच पाहिजे, आणि उत्तम आली पाहिजे. म्हणूनच तर हा आग्रह. वाचणं म्हणजे काय हे मूल एकदाच शिकतं, आणि ते समजणाऱ्या भाषेत शिकलं तर पुढच्या भाषेत त्याला फक्त शब्द शिकावे लागतात. पहिली दोन-तीन वर्षं लिहिणं-वाचणं घरच्या भाषेत, सोबत मराठी कानावर आणि तोंडी, मग हळूहळू मराठी वाचन-लेखन. ओडिशानं २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत हे सुरू केलं आणि पुढे एकवीस भाषांपर्यंत नेलं. ओडिशा महाराष्ट्राहून श्रीमंत राज्य नाही.

दुसरा आक्षेप, लिपी नाही. देवनागरी आहे की! मराठीनंही एके काळी मोडीत व्यवहार केला आणि छापखान्याच्या काळात देवनागरी धरली. बोडो आज देवनागरीत लिहिली जाते. गोंडीच्या स्वतःच्या लिपीही आहेत, मसराम आणि गुंजाला, आणि त्यातली कोणती वापरायची हे गोंडी समाजानं ठरवावं. संथालीसाठी रघुनाथ मुर्मूंनी १९२५ साली ओल चिकी घडवली, तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

तिसरा आक्षेप खरा आणि अवघड आहे, तो पालकांचा. अनेक आदिवासी आईबापांना स्वतःलाच वाटतं की पोरानं गोंडी-कोरकू विसरावी आणि इंग्रजी बोलावी. त्यांना दोष देणं मला जमणार नाही. ज्या भाषेनं आयुष्यभर फक्त हेटाळणी मिळवून दिली, ती पोराच्या दप्तरात कोण घालेल? पण ही इच्छा आपोआप उगवलेली नाही, आपण पेरलेली आहे. आदिवासी विकास विभाग मुलांना घरापासून दूर नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवण्यासाठी पैसे खर्च करतो. गावातच राहून आपल्या भाषेतून सुरुवात करण्याचा पर्याय तेवढ्याच तयारीनं कधी समोर ठेवला गेलाय का? दोन ताटं वाढा आणि मग पालकांना निवडू द्या.

शिक्षक कुठून आणायचे, हेही विचारतात. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांसह काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली होती. हेतू चांगला होता, पण ही भरती न्यायालयीन वादात अडकली आणि मुलं वर्षानुवर्षं तशीच राहिली. गोंडी बोलणारे डी.एड. झालेले तरुण-तरुणी त्या जिल्ह्यांत आहेत. स्थानिक भाषा येणं ही शिक्षकाची अर्हता मानली, जमातीच्या अटीपासून वेगळी करून, तर न्यायालयातही तिचं समर्थन करणं सोपं जाईल असं मला वाटतं.

याला राजकारणाची एक बाजू आहे आणि ती आपण शहरात बसून विसरतो. गडचिरोलीत चाळीसहून अधिक वर्षं माओवादी हिंसाचार राहिला. जंगलात आलेल्या त्यांच्या पथकांनी पहिली गोष्ट केली ती गोंडी आणि माडिया शिकण्याची. सरकारी कचेरीत मात्र माणसाला मराठीत अडखळत उभं राहावं लागलं, दुभाषा शोधावा लागला. बंदुकीच्या राजकारणाला माझा काडीचाही पाठिंबा नाही. पण ज्यानं आपल्या भाषेत विचारपूस केली त्याचं ऐकून घ्यावंसं वाटणं, हे कुठल्याही माणसाला लागू आहे. मेळघाटात कुपोषणावर इतकी वर्षं इतका पैसा खर्च झाला. दवाखान्यात कोरकू आईला बाळाच्या औषधाचं प्रमाण कोणत्या भाषेत सांगितलं गेलं, हा प्रश्नही त्या खर्चाच्या हिशेबात यायला हवा होता.

आणि महाराष्ट्राला हे जमत नाही असं मुळीच नाही. १९४७ नंतर सिंधी निर्वासित आले, उल्हासनगर वसलं, त्यांच्या मुलांसाठी सिंधी शाळा उघडल्या. बालभारती आजवर उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधीतही पाठ्यपुस्तकं छापत आली आहे. परराज्यांतून, फाळणीच्या पलीकडून आलेल्यांना त्यांच्या भाषेत शिकू देणारं हे राज्य आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. मग जे कुठूनच आले नाहीत, मराठीचा पहिला शिलालेख कोरला जाण्याच्या आधीपासून याच डोंगरांत आहेत, त्यांच्यासाठी त्या यादीत जागा का नाही? अधूनमधून शब्दसंग्रह निघतात, गोष्टींची पुस्तकं निघतात, एखादा धडपड्या शिक्षक स्वतः भाषा शिकून वर्ग बदलून टाकतो. पण शब्दसंग्रह म्हणजे माध्यम नव्हे, आणि एका शिक्षकाची बदली झाली की सगळं पुसलं जातं.

करायच्या गोष्टी फार नाहीत. गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी आणि भिलीत पहिली-दुसरीची भाषा आणि गणिताची पुस्तकं, बालभारतीच्या नेहमीच्या यादीत, प्रायोगिक म्हणून बाजूला नव्हे. ती पुस्तकं पुण्यात भाषांतर करून पाठवलेली नकोत, धानोऱ्यात आणि धारणीत तिथल्याच लोकांनी लिहिलेली हवीत. ज्या पाड्यावर सगळी मुलं एकच भाषा बोलतात तिथे पहिली सुरुवात, कारण तिथे वर्गात मिश्रण नाही आणि वीस मुलांची अटही भेडसावत नाही. ग्रामसभेनं चालवलेल्या मातृभाषेतल्या शाळेला मान्यता मिळण्याची स्पष्ट वाट नियमांत. आणि २०२१ ची राहून गेलेली जनगणना होईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात प्रगणकानं आपल्या मनानं ‘मराठी’ न लिहिता समोरचा माणूस सांगेल ते लिहावं, याची सक्त ताकीद.

२०२५ च्या जूनमध्ये ज्या पक्षांनी, संस्थांनी, लेखकांनी लहान मुलांच्या मातृभाषेसाठी आवाज उठवला, त्यांच्याकडे ही मागणी घेऊन मी जाणार आहे. जिल्हा परिषदेच्या आणि विधानसभेच्या पुढच्या प्रत्येक निवडणुकीत त्यांच्या जाहीरनाम्यात मराठीच्या कलमाखाली गोंडी-कोरकूच्या शाळांचं कलम आहे का ते बघणार आहे, आणि नसेल तर का नाही, हे त्यांनाच विचारणार आहे.